लांब केसांच्या थोराड मांजरांची कुळकथा

तिरपी ओळ

परवा या संस्थळावरच्या दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं की मेन कून हे लांब केसांचं ब्रीड साधं घरगुती मांजर आणि रॅकून नावाचा अमेरिकेतला रानप्राणी यांच्या संकरातून झालं. खाली लगेच 'बापरे, हे माहीतच नव्हतं' अशी रांग लागली. मी उत्तर द्यायला बसले, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

एक आधीच सांगते. 'ब्रीड'ला कृपया प्रजाती म्हणू नका. प्रजाती या सगळ्यांची एकच, घरगुती मांजर. 'जात' म्हटलं की इथे भलतेच वाद सुरू होतात. मी सरळ ब्रीड म्हणणार आहे.

तर रॅकून. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं राज्य. तिथल्या मांजरांत तपकिरी पट्ट्यांची, झुबकेदार शेपटीची पुष्कळ. रॅकूनची शेपटीही पट्ट्यापट्ट्यांची. एवढ्यावर लोकांनी सोयरीक जुळवून टाकली. रॅकून हा कुत्रा-अस्वलांच्या बाजूचा प्राणी. त्याची आणि मांजराची फांदी कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तो संकर होतच नाही.

दुसरी कथा जास्त रंगेल आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला पळवून आणायचा बेत शिजला होता म्हणे. सॅम्युअल क्लफ नावाच्या कप्तानाच्या 'सॅली' जहाजावर तिचं सामान चढलं, लाडकी लांब केसांची अंगोरा मांजरं चढली, राणी मात्र चढायच्या आत पकडली गेली. १६ ऑक्टोबर १७९३ ला तिचा शिरच्छेद झाला. जहाज मेनमधल्या विस्कॅसेटला लागलं, मांजरं उतरली आणि गावच्या मांजरांत मिसळली. कप्तान खरा, जहाज खरं, राणीही खरी. मांजरं तेवढी गोष्ट सांगणाऱ्याच्या पिशवीतली! कून नावाच्या एका कप्तानाची तिसरी कथाही आहे. तो जिथे जिथे बंदराला लागे तिथे काही महिन्यांनी लांब केसांची पिल्लं दिसत आणि लोक म्हणत, 'कूनची मांजरं आली'. तिला तर एवढाही आधार नाही.

मला गंमत याची वाटते की तिन्ही कथांचा सूर एकच. हे मांजर साधंसुधं असूच शकत नाही, याच्या मागे काहीतरी भारी कूळ असलंच पाहिजे. साधं असूनही भारी असू शकतं, हे कुणाला पचत नाही.

आता खरी गोष्ट. मांजराचा केस ठरावीक लांबीला थांबतो, कारण एफजीएफ५ नावाचा जनुक त्याला 'पुरे' म्हणतो. या जनुकात बिघाड झाला की केस उशिरापर्यंत वाढत राहतो. बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आली तरच पिल्लू लांब केसांचं. एकच आली तर दिसायला आखूड केसांचं, पण पोटात तो गुण लपलेला. म्हणजे जहाजावर उंदीर मारायला ठेवलेलं, चारचौघांसारखं दिसणारं आखूड केसांचं मांजरही हा गुण समुद्रापार नेऊ शकतं. चार पिढ्यांनी अशा दोन मांजरांची गाठ पडली की एखाद्या गोठ्यात अचानक झिपरं पिल्लू. त्याला राणी लागत नाही.

२००७ मध्ये या जनुकातले चार वेगवेगळे बिघाड सापडले. त्यांना एम१ ते एम४ म्हणतात. एम४ जवळपास सगळ्या लांब केसांच्या मांजरांत आढळतो, अगदी बिननावाच्या रस्त्यावरच्यांतही. एम२ नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅटमध्ये, एम३ मेन कून आणि रॅगडॉल या आणखी एका लांब केसांच्या ब्रीडमध्ये, एम१ रॅगडॉलमध्ये. थोडक्यात, लांब केस जगात एकदाच 'निघाले' आणि तिथून पसरले असं नाही. एकच यंत्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तऱ्हेने बिघडलं. 'लांब केसांच्या मांजरांचा मूळ पुरुष कोण' हा प्रश्नच त्यामुळे फसवा आहे.

थंडीने एवढंच केलं असावं, की जिथे हिवाळा कडक तिथे असली पिल्लं तगली आणि आखूड केसांची त्यामानाने कमी तगली. पायाच्या बोटांमधले केसांचे पुंजके, गळ्याभोवतीची आयाळ, मागच्या मांड्यांवरची चोळणा घातल्यासारखी दाटी, झोपताना नाकावर ओढून घ्यायला येणारी शेपटी, हे सगळं बर्फातल्या गोठ्यात उपयोगाचं.

नॉर्वे आणि सायबेरियाच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल कुणी जाणकार असतील तर लिहा. मी मेनवाली आहे.

ओंजळभर

झकास. वाचनखूण साठवली.

सखोल मारुतराव

धागा चांगला. फक्त रॅकूनच्या बाबतीत मुख्य कारण राहिले. गुणसूत्रांची संख्या जुळत नाही म्हणून संकर होत नाही.

आडवातिडवा

मारुतराव, मांजराची गुणसूत्रं ३८. रॅकूनचीही ३८. संख्या चोख जुळते, तरी उपयोग शून्य, कारण आतला मजकूर वेगळा. दोन पुस्तकांची पानं सारखी भरली म्हणून ती एकच पुस्तक होत नाहीत. धागाकर्तीने संख्येचं नाव काढलं नाही तेच बरं केलं.

सखोल मारुतराव

बरोबर. माझे विधान मागे घेतो.

ओंजळभर

नोंद घ्यावी, या संस्थळावर कुणीतरी विधान मागे घेतलं आहे.

जुनीवही

मेनवाल्या बाई, तुम्ही कोझीला विसरलात!

८ मे १८९५. न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अमेरिकेतलं पहिलं मोठं मांजर-प्रदर्शन. पहिला मान कोझी नावाच्या तपकिरी पट्ट्यांच्या मेन कून मांजरीला. तिला मिळालेला चांदीचा गळपट्टा आजही आहे, ओहायो राज्यातल्या अलायन्स गावच्या मांजर-संग्रहालयात. एका मांजरीच्या मानेचं माप सव्वाशे वर्षं चांदीत जपून ठेवलंय, ही कल्पनाच मला आवडते.

त्याहूनही जुन्या एका बोक्याची लेखी नोंद आहे. फ्रान्सेस सिम्पसन यांच्या १९०३ च्या मांजरांवरील ग्रंथात मेनच्या मांजरांवर एक प्रकरण आहे, मिसेस पिअर्स यांचं. त्यांच्या घरी १८६१ मध्ये एक काळा-पांढरा बोका होता आणि त्याचं नाव होतं 'कॅप्टन जेंक्स ऑफ द हॉर्स मरीन्स'. घोडदळाच्या आरमाराचा कप्तान! आमच्या बोक्याचं नाव नुसतं बंड्या आहे, त्याची आता मला लाज वाटते.

पुढची कथा मात्र दुःखाची. इंग्लंडहून पर्शियन आल्या, बसकं नाक आणि रेशमी झूल घेऊन, आणि प्रदर्शनवाल्यांचं मन गावच्या मांजरांवरून उडालं. इतकं, की १९५० च्या दशकात हे ब्रीड नामशेष झाल्याचं चक्क जाहीर करून झालं. तेव्हा मेनच्या शेतांवर ती मांजरं मजेत उंदीर मारत होती. नामशेष झाली होती ती यादीतून. मग मेनमधल्याच लोकांनी क्लब काढला, वंशनोंदी ठेवायला घेतल्या, १९६८ मध्ये ब्रीडची स्वतःची संघटना झाली, आणि १९७६ मध्ये सीएफएने, म्हणजे अमेरिकेतल्या मांजरवाल्यांच्या मोठ्या संघटनेने, त्यांना अजिंक्यपदाच्या स्पर्धेत घेतलं. १९८५ मध्ये मेनने त्याला राज्य-मांजर केलं.

तिरपी ओळ

जुनीवही, कोझीला विसरले नव्हते, तुमच्यासाठी ठेवली होती. (खोटं आहे. विसरले होते.)

गुरगुर

मला एक वैयक्तिक अडचण विचारायची आहे. तीन वर्षांपूर्वी 'शुद्ध मेन कून' म्हणून पिल्लू घेतलं. वंशावळीची कागदपत्रं 'पाठवतो' म्हणाले, ती आजतागायत आलेली नाहीत, आता फोनही उचलत नाहीत. नाव घेत नाही. बोका लांब केसांचा आहे, कानांवर झुपकेही आहेत, पण माणसं बघतात आणि कुणी म्हणतं नॉर्वेजियन, कुणी म्हणतं सायबेरियन. ओळखायचं कसं?

तिरपी ओळ

कानांचे झुपके सोडा, ते तिघांनाही असतात. बोका खिडकीत बसला असेल तेव्हा त्याला बाजूने बघा, उजेड पलीकडून येत असताना, म्हणजे नुसती कड दिसेल. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत बोट फिरवल्यासारखी नजर न्या. मेन कूनला डोळ्यांच्या पातळीवर हलका खळगा लागतो आणि तोंडाचा पुढचा भाग चौकोनी, पेटीसारखा पुढे आलेला असतो. नॉर्वेजियनची रेघ कपाळ ते नाक सरळ, पट्टी ठेवल्यासारखी, आणि समोरून चेहरा त्रिकोणी. सायबेरियनच्या चेहऱ्यात कोन सापडतच नाही, सगळं गोलाईकडे झुकलेलं.

तरीही हे सगळं वंशावळ असलेल्या मांजरांपुरतं. वंशावळ नसेल तर 'मेन कूनसारखं दिसणारं' एवढंच म्हणता येतं.

वाऱ्यावरची वरात

नॉर्वेची बाजू मी मांडतो, कारण आमच्याकडे दोन 'वेजी', म्हणजे नॉर्वेजियन, आहेत आणि दोघंही आत्ता कळफलकावर आहेत.

तिकडे नाव 'नोर्स्क स्कोगकात', शब्दशः नॉर्वेचं रानमांजर. पण रानटी अजिबात नाही, शेतावरचं. पुराणकथा भरपूर. फ्रेया देवीचा रथ दोन मांजरं ओढायची. थोर देवाला एका राक्षसाच्या वाड्यात एक करडं मांजर उचलून दाखव म्हणून आव्हान मिळालं, त्याने सगळी ताकद लावली तर मांजराचा एक पंजा तेवढा जमिनीवरून उठला. नंतर कळलं की ते मांजर नव्हतंच, जगाला वेढा घालून बसलेला महासर्प होता. आमच्या थोरल्याला औषध द्यायला उचलताना मला थोरबद्दल पूर्ण सहानुभूती वाटते.

या कथा १३ व्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवल्या. ब्रीडवाले त्यांचा संबंध स्कोगकातशी जोडतात, पण तो बादरायण संबंध आहे. कथेत मांजर आहे, केसांची लांबी कुणी मोजलेली नाही.

मात्र व्हायकिंगांच्या बोटींवर मांजरं असायची याला हाडांचा पुरावा आहे. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर राल्सवीक नावाचं त्यांचं व्यापारी बंदर होतं. तिथे सापडलेल्या मांजराच्या अवशेषांत इजिप्तकडच्या मांजरांचा मातृवंश निघाला. २०१७ च्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातली गोष्ट आहे. म्हणजे नाईलकाठची कुणीतरी पणजी, आणि पणती बाल्टिकच्या थंडीत. धागाकर्तीचं 'जहाज + लपलेला गुण' इथे चपखल बसतं.

ब्रीड म्हणून इतिहास मात्र परवाचा. १९३८ मध्ये ऑस्लोत पहिला क्लब निघाला, लगेच महायुद्ध आलं आणि सगळं बारगळलं. युद्धानंतर गावच्या आखूड केसांच्या मांजरांत ती विरघळत चालली होती. १९७० च्या दशकात लोक खडबडून जागे झाले, शेतांवरून अस्सल वाटणारी मांजरं निवडली आणि १९७७ मध्ये फिफेने, म्हणजे युरोपातल्या मांजरवाल्यांच्या महासंघाने, मान्यता दिली. त्या पहिल्या मान्यतेचा मानकरी पान्स त्रुल्स नावाचा बोका.

ओंजळभर

म्हणजे फ्रेयाचा रथ हजार वर्षांचा आणि ओढणाऱ्यांचा दाखला १९७७ चा.

वाऱ्यावरची वरात

दाखल्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे हो.

खारीचा वाटा

सायबेरियन हे त्याहून नवं प्रकरण. रशियात लांब केसांची मांजरं होती हे परक्यांनाही ठाऊक होतं. हॅरिसन वीअर या इंग्रज चित्रकाराने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, प्रदर्शनांचं खूळ तिथून सुरू झालं. त्याने १८८९ च्या आपल्या पुस्तकात अंगोरा आणि पर्शियनच्या शेजारी रशियन हा लांब केसांचा प्रकार वेगळा वर्णिला आहे. पण ब्रीडचं पहिलं मानक लिहिलं गेलं १९८७ मध्ये, लेनिनग्राडच्या कोतोफेय क्लबात. १९९० मध्ये पहिली सायबेरियन अमेरिकेत उतरली. सयामीसारखा गडद चेहरा असलेल्यांना 'नेवा मास्करेड' म्हणतात, नेवा नदीच्या नावावरून.

आता खरी कळकळ. 'सायबेरियनने अ‍ॅलर्जी होत नाही' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. अ‍ॅलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं, मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे कण उडतात. काही मांजरांत ते कमी असतं, काहींत जास्त, आणि हा फरक एकाच ब्रीडच्या दोन मांजरांतही पडतो. त्या वाक्यावर विसंबून मी मांजरी आणली आणि पहिले दोन महिने शिंकत काढले. ती अजून आहे. मी गोळ्या घेते.

जुनीवही

आणि पर्शियन? त्या तरी खऱ्या इराणच्या ना?

आडवातिडवा

तिथे मोठी गंमत आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२० च्या सुमारास इराणातून पत्रं लिहिली. त्यांत खोरासानच्या करड्या, रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन आहे, जोड्या मायदेशी न्यायचा बेतही आहे. त्याच शतकात अंगोराकडची, म्हणजे आजच्या अंकाराकडची, मांजरं फ्रान्समध्ये पोचली. अंगोरा शेळी, अंगोरा ससा, अंगोरा मांजर, त्या एका शहराच्या नावावर केसाळ प्राण्यांचं आख्खं दुकान आहे.

पण २००८ मध्ये जगभरच्या मांजरांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले तेव्हा आजची पर्शियन पश्चिम युरोपातल्या गल्लीबोळांतल्या मांजरांना जवळची निघाली, पश्चिम आशियातल्यांना नाही. एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडात जी सरमिसळ झाली तिच्यात मूळचं रक्त पातळ होत गेलं. नाव इराणचं, बाकी सगळं युरोपचं. तुर्की अंगोराचा शिक्का अजून तुर्कस्तानचाच आहे, कारण अंकाराच्या प्राणिसंग्रहालयाने पांढरी मांजरं जपून वाढवली आणि १९६२ पासून तिथलीच मांजरं अमेरिकेत गेली.

सखोल मारुतराव

लांब केस पॅलसच्या मांजराकडून, म्हणजे मनुल या मध्य आशियातल्या रानमांजराकडून आले, असे वाचल्याचे स्मरते. हेही मागे घ्यावे लागेल काय?

आडवातिडवा

घ्यावं लागेल, पण यात तुम्ही मोठ्या माणसाच्या पंगतीला आहात. पीटर सायमन पॅलस याने १७७६ मध्ये मनुलचं वर्णन केलं आणि अंगोरा त्याच्यापासून आली असेल असा त्याचाच कयास होता. घरगुती मांजरांचं मूळ आफ्रिका-पश्चिम आशियातलं रानमांजर, फेलिस लिबिका, हे २००७ मध्ये डीएनएने पक्कं केलं. मनुलचा त्यात वाटा नाही.

गुलमोहर खालची

कुणीच रॅगडॉलचं नाव काढेना, म्हणून मी. त्यांना पुराणकथेसाठी हजार वर्षं थांबावं लागलं नाही. १९६० चं दशक, कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड, अ‍ॅन बेकर नावाच्या बाई. त्यांच्या ओळखीतली जोसेफिन ही लांब केसांची पांढरी मांजरी गाडीखाली आली, वाचली, आणि त्यानंतरची तिची पिल्लं उचलली की चिंध्यांच्या बाहुलीसारखी अंग सैल सोडायची. बाईंनी आधी अपघाताला श्रेय दिलं, पुढे पुढे माणसाच्या जनुकांपर्यंत आणि परग्रहवासीयांपर्यंत मजल गेली. १९७५ मध्ये 'रॅगडॉल' हा ट्रेडमार्क करून घेतला. बाकीच्या पाळणाऱ्यांनी कंटाळून वेगळी चूल मांडली, त्यातल्याच काहींचं पुढे 'रॅगामफिन' झालं.

अपघाताने आईचे जनुक बदलत नसतात, हे वेगळं सांगायला नको. शांत मांजरांची शांत मांजरांशी गाठ घालत राहिलं की शांत पिल्लं होतात.

वाऱ्यावरची वरात

तिरपी ओळ, एक शंका. थंडीमुळे केस, हे पटलं. पण आकार? थंड प्रदेशातला प्राणी मोठा, असा नियम आहे ना?

तिरपी ओळ

बर्गमनचा नियम. तो रानातल्या प्राण्यांना लागू पडतो. मांजराचा आकार माणसाने निवडायला घेतला की तो नियम मागे पडतो. मेन कूनचे बोके साधारण ६ ते ८ किलो, माद्या बऱ्याच लहान, आणि पूर्ण वाढीला तीन ते पाच वर्षं. इटलीतल्या बारिवेल नावाच्या मेन कूनची २०१८ मध्ये गिनीजने नोंद केली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १२० सेंटीमीटर. हे असले आकडे शेतावरच्या उंदीरमाऱ्याचे नाहीत. मोठ्यातला मोठा निवडून पुढची पिढी काढायची, असं गेली चाळीस-पन्नास वर्षं चाललंय.

आणि त्याची किंमत मांजरं मोजतात. आजच्या मेन कूनच्या रक्ताचा मोठा हिस्सा १९६०-७० च्या मोजक्या मांजरांकडे जातो. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार त्यांच्यात आहे, त्यातला एक जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला. नॉर्वेजियनमध्ये साखर साठवण्याच्या यंत्रणेचा एक आनुवंशिक आजार आहे, आई-बाप दोघंही वाहक असले तर काही पिल्लं दगावतात. दोन्हींची चाचणी होते. पिल्लू घेताना राणीची कथा ऐकू नका, चाचणीचे कागद मागा.

खारीचा वाटा

+१००. आणि ज्यांच्या घरी अशी मांजरं आहेत त्यांनी वसंतात विंचरल्यावर कंगव्यातला गोळा काळ्या कागदावर सोडून बघा. दोन तऱ्हेचे केस दिसतील. एक आखूड, नागमोडी, कापसासारखे, ऊब तेच धरतात. दुसरे लांब, सरळ, किंचित तेलकट, त्यांच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा उभा राहतो. माझ्या मांजरीच्या पोटाखाली तरीही जटा होतातच, कारण पोटाला हात लावू देणं तिच्या तत्त्वात बसत नाही.

गुरगुर

अहवाल देतो. सांगितल्याप्रमाणे खिडकीत उजेडासमोर बाजूने पाहिलं. खळगा नाही. रेघ सरळही नाही, मध्ये एक छोटा उंचवटा आहे, तो तुमच्या यादीत कुठेच नाही. वजन केलं, ४.९ किलो. जनुकीय चाचणीही करून घेतली होती, तिचा निकाल काल आला. केसांच्या बाबतीत एम४, दोन्ही प्रती. हृदयाच्या दोषाची चाचणी नकारात्मक.

म्हणजे रस्त्यावरचाच ना?

तिरपी ओळ

एम४ मेन कूनमध्येही असतो, त्यामुळे तेवढ्यावरून नाही म्हणता येणार नाही. पण ४.९ किलो, उंचवटा आणि न आलेले कागद हे तिन्ही मिळून... हो. बहुतेक रस्त्यावरचाच. हृदयाची चाचणी स्वच्छ आली ही तुमच्या धाग्यातली सगळ्यात चांगली बातमी.

गुरगुर

घरात सांगितलं. मुलगी म्हणाली, मग त्याचं 'लॉर्ड' नाव बदलायचं का. तो नावाला ओ देत नाही हे आठवल्यावर विषय संपला.

जुनीवही

बदलू नका. 'कॅप्टन' लावा पुढे.